सील पाहिले

४ मार्च

धाकट्या,

तुझ्या ऑफिसातून पत्र आलं. पत्र कसलं, चार ओळींचं फर्मान. 'आदरणीय महोदया, आमच्या शिष्टमंडळास आपल्या बंदराच्या ट्रान्झिट नोंदवहीतील एका पानाची साक्षांकित प्रत हवी आहे.' खाली तुझ्या सहायकाची सही. बाबा गेल्याला आठ वर्षं झाली. एवढ्या काळात तू मला एक अक्षर लिहिलं नाहीस, आणि आता लिहिलंस तेही दुसऱ्याच्या हातून, महोदया म्हणून. लहानपणी तुझं शेंबडं नाक पुसणारी महोदया मीच, एवढं त्याला सांगून ठेव.

मेलवर उत्तर दिलं असतं, पण तुझा मेल आधी तोच वाचणार. म्हणून कागदावर लिहितेय. शिपिंग एजंटाच्या टपालाच्या थैलीतून दोन दिवसांत तुझ्या परिषदेच्या गावी पोचेल.

कुठलं पान ते लगेच कळलं. एकोणीस वर्षांपूर्वीचं, बाबांच्या पेटीचं. (तुम्ही लोक कंटेनर म्हणता. आम्ही धक्क्यावरचे लोक पेटीच म्हणतो.)

सोबतचं टिपणही वाचलं. वीस तारखेला तू सभागृहात उभा राहणार आणि सांगणार, की शस्त्रं बनतात एका देशात, चालतात दुसऱ्या देशात, आणि मध्ये असतात ही बंदरं, जिथे पेटी एका जहाजातून उतरते, दुसऱ्यात चढते आणि कुणी ढुंकूनही बघत नाही. उदाहरण म्हणून आमचं बंदर. 'पंपाचे सुटे भाग' असं लिहिलेल्या पेटीतून तोफगोळे गेले, दहा महिन्यांनी ते एका गावच्या बाजारात पडले आणि बावन्न माणसं मेली. पेटीवर शिक्का मारणारा कर्मचारी बडतर्फ झाला. तो कर्मचारी तुझा बाप होता हे मात्र टिपणात नाही.

ते उदाहरण घेऊ नकोस, धाकट्या. दुसरं घे. जगात बंदरांना काय तोटा आहे?

आणि पान लगेच मिळणार नाही. जुन्या वह्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर आहे. शिवाय तिथे ओल आहे. पान टिकलंय की नाही तेही माहीत नाही.

तब्येतीला जप. तुला थंडी लगेच बाधते.

ताई


८ मार्च

धाकट्या,

या वेळी स्वतःच्या हाताने लिहिलंस, बरं वाटलं. तीनच ओळी, पण अक्षर तेच, मुंग्यांची रांग.

किल्लीची गोष्ट तुला पटली नाही म्हणतोस. नसेल पटली. पण तू जे लिहिलंस ते मलाही पटलं नाही. 'कुणाचं नाव घेणार नाही, फक्त एक भ्रष्ट कर्मचारी असा उल्लेख करीन.' भ्रष्ट! बाबांनी उभ्या आयुष्यात ऑफिसचं पेन घरी आणलं नाही. शाई संपलेल्या कांड्यासुद्धा परत करायचे. त्यांना तू भ्रष्ट म्हणणार, आणि साठ देशांची माणसं कानाला यंत्र लावून आपापल्या भाषेत ते ऐकणार.

नोकरीत कच्चा असताना तू खात्याला लिहून दिलंस की वडिलांशी माझा संबंध नाही. ते मी समजू शकते. त्या वेळी तुझ्याही मानेवर सुरी होती. पण आता तू मोठा माणूस आहेस. आता काय अडलंय?

टिपणाला जोडलेल्या तुझ्या कराराच्या मसुद्यातलं कलम मी तीनदा वाचलं. ट्रान्झिटच्या पेटीवर ज्याची सही, चूक निघाल्यास त्याला तुरुंग. वा! गोळे बनवणारा मोकळा, विकणारा मोकळा, जहाजाचा मालक मोकळा, आणि अडकणार कोण, तर टेबलामागचा कारकून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तुम्ही तिथे उंटावरून शेळ्या हाकता. शेळ्यांमध्ये एक दिवस येऊन उभं राहून बघ.

आमचं काम कसं चालतं ते सांगते. ट्रान्झिटची पेटी पाच दिवसांच्या आत पुढे जाणार असेल तर उघडायची नाही, हा नियम. फक्त एक करायचं. यार्डात जायचं, पेटीच्या कडीतल्या सीलवरचा नंबर वाचायचा, तो कागदावरच्या नंबराशी जुळतो का बघायचं आणि वहीत शिक्का मारायचा: 'सील पाहिले'. दिवसाला दोनशे पेट्या असतात आणि यार्ड दोन मैल लांब. मग काय होतं? कागदावरचाच नंबर वहीत उतरवायचा आणि शिक्का मारायचा. याला आमच्याकडे 'बसल्या जागी सील' म्हणतात. सगळे करतात. मीही केलंय.

म्हणजे कधीतरी. सगळ्यांसारखंच.

असो. आज एक कागद हातात आला आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. दोन पेट्या आहेत, माल 'पंपाचे सुटे भाग', तेराला जहाज. अगदी तेच शब्द. पंप काय जगात विकले जात नाहीत? जातात. तरी तो कागद मी चार वेळा ट्रेमध्ये टाकला आणि चार वेळा बाहेर काढला.

आठवतंय का, मुलाखतीला तू बाबांचे काळे बूट घालून आत गेला होतास? एक नंबर मोठे होते, पुढे कागद कोंबावा लागला. का कोण जाणे, आज सारखं तेच आठवतंय.

ताई


११ मार्च

धाकट्या,

काल मी यार्डात गेले. गेली सहा-सात वर्षं मी वरिष्ठ आहे, मला जायची गरज नसते. गेटवरच्या वॉचमनने अडवलं. "बाई, चपलेवर आत नाही सोडणार. बंद बूट लागतात." मी म्हटलं, "अरे, तू नोकरीला लागायच्या आधीपासून मी इथे आहे." तो म्हणाला, "असाल. नियम आधीपासून आहे." शेवटी त्याच्याच कपाटातले कुणाचे तरी बूट चढवले आणि बदकासारखी फताड फताड करत दोन मैल गेले.

पहिल्या पेटीचं सील जुळलं. दुसऱ्या पेटीचं जुळलं नाही. कागदावर शेवटचे आकडे ७१८ आणि कडीत लटकत होतं ते २०४. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. वाकून हाताने चाचपलं. २०४.

तिथेच एका लोखंडी खुंटावर बसले. बावन्न हा आकडा माझ्या डोक्यातून कधीच जात नाही, पण काल तो अगदी समोर येऊन उभा राहिला.

आता गंमत ऐक. मला पेटी अडवायचा अधिकारच नाही! सील जुळलं नाही तर 'शेरा' लिहायचा आणि पुढच्या बंदराला कळवायचं. पुढचं बंदर म्हणजे ज्यांनी मागवलंय तेच. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. तुझ्या मसुद्यात 'संशयित पेटी रोखण्याचा अधिकार' हे कलम आहे, ते वाचून मी आधी हसले होते. काल त्यासाठी जीव तळमळला. पण ते तुझ्या मसुद्यात आहे, माझ्या हातात नाही.

हातात एकच होता, गरुड. मोठ्या क्रेनचा ऑपरेटर. तीस वर्षं वरच्या काचेच्या खोलीत बसून त्याची नजर तशी झालीये, म्हणून गरुड. बाबांना मानायचा. दुपारी तो चहाला खाली उतरला तेव्हा मी त्याला गाठलं.

"गरुडा, एक पेटी तळाला जाईल का?"

त्याने का ते विचारलं नाही. फक्त म्हणाला, "किती दिवस?"

"जहाज सुटेपर्यंत."

"चार पेट्या ठेवतो वर. काढायला अर्धा दिवस लागेल, आणि माझी कंबर अधूनमधून धरतेच."

आमच्या बंदरात नावडती पेटी अशी तळाला जाते. लिखापढी नाही, कुणाचा हुकूम नाही. तुझ्या साठ देशांना जे जमत नाहीये, ते गरुडाने चहाचा कप खाली ठेवायच्या आत केलं. मला त्याचं हसूही आलं आणि भीतीही वाटली. कारण हेच उलट्या कामासाठीही करता येतं ना.

पान अजून मिळालेलं नाही.

ताई


१४ मार्च

धाकट्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी बोलले नाही म्हणून रागावलास. तू 'बोल ताई' म्हणालास आणि माझी वाचाच बसली. तुझा आवाज बाबांसारखा झालाय. आठ वर्षांनी फोनवर तो आवाज ऐकून माणसाने काय बोलावं?

तू मात्र बरंच बोललास. तीस देश सही करायला तयार आहेत, वीस कुंपणावर आहेत, बाकीचे म्हणतात की तपासण्या वाढल्या तर जहाजं शेजारच्या बंदरात जातील. कुंपणावरच्यांना कायद्यात धाक दिसला पाहिजे आणि धाकासाठी एक गुन्हेगार दिसला पाहिजे. "मला त्या पानाची गरज आहे, ताई. तुला बाबांचा पुळका आहे म्हणून तू ते दडपतेस. तू पाठवलं नाहीस तर मी सरकारी मार्गाने मागवीन."

पुळका. बरं.

जहाज काल सुटलं, एक पेटी सोडून. एजंट माझ्या टेबलासमोर उभा राहून ओरडला, मग गोड बोलला, मग पुन्हा ओरडला. साहेबांनी आत बोलावलं. (आमचे साहेब माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, पण खुर्ची खुर्ची असते.) म्हणाले, "बाई, तुम्ही कुठल्या नियमाखाली पेटी अडवलीत?" मी म्हटलं, "अडवली नाही. तळाला गेली." ते म्हणाले, "तीस वर्षं मीही बंदरात काढणार आहे, मला शिकवू नका." तरी मी शेरा लेखी दिलेला, सील जुळत नाही हे खरंच, त्यामुळे त्यांचाही नाइलाज झाला. परवा कस्टमच्या पथकासमोर पेटी उघडणार.

मला झोप नाही, जेवण गोड लागत नाही. आत गोळे निघावेत असं मनापासून वाटतंय, काय हे वाटणं! पण निघाले तर निदान एकदा तरी मी वेळेवर पोचले असं होईल.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

ताई


१६ मार्च

धाकट्या,

पेटी उघडली. आत पंप निघाले.

खरेखुरे पंप. हिरवा रंग, ग्रीसचा वास, प्रत्येकाला पुठ्ठ्याची टोपी. कुठल्यातरी कोरड्या गावात पाणी चढवायला निघालेले. सीलचं काय, तर मागच्या बंदरात उंदीर मारायच्या फवारणीसाठी पेटी उघडली होती आणि नवं सील लावलं होतं. तिथल्या कारकुनाने नवा नंबर कागदावर चढवायचा आळस केला. बसल्या जागी बसून राहिला. त्याला मी कुठल्या तोंडाने शिव्या देऊ?

पथकातली माणसं हसली. एजंट हसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी करून घेतलं. दुपारी साहेबांनी मेमो दिला: अधिकार नसताना माल रोखला, बंदराची पत घालवली, तीन दिवसांत खुलासा द्या. गरुडाला चौकशी होईपर्यंत क्रेनवरून खाली उतरवलंय. तो गेटजवळ स्टुलावर बसलाय, पंख कापल्यासारखा. मी माफी मागायला गेले तर म्हणाला, "बाई, पंप होते हे चांगलंच झालं की. गोळे हवे होते का तुम्हाला?"

म्हणून आता हे लिहितेय. एकोणीस वर्षांपूर्वी मी बघितलं नाही, तेव्हा मला काही झालं नाही. या वेळी बघितलं, तर मेमो मिळाला.

होय, मी. बाबा नव्हे.

त्या दिवशी बाबा बंदरात नव्हतेच. दुपारी बाराला त्यांचा बाहेरून फोन आला. म्हणाले, "मला आज यायला जमत नाही. माझा शिक्का खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. दोनच्या जहाजाची एक पेटी राहिलीये. आधी जाऊन बघ, मग मार." आधी जाऊन बघ, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला नोकरीला लागून वर्ष झालं होतं. ऊन रणरणत होतं. मी कागदावरचा नंबर वहीत उतरवला आणि शिक्का मारला. सील तुटलेलं होतं, धाकट्या. तारेने बांधलेलं होतं. पुढच्या बंदरातल्या फोटोत ते आंधळ्यालाही दिसलं असतं. मी गेले असते तर दिसलं असतं. बावन्न माणसं मी टेबलाशी बसून मारली, हे मी मला रोज सांगते आणि रोज काहीतरी सबब काढून ऑफिसला जाते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला विचारलं, "बघितलंस ना?" मी हो म्हटलं. त्यांनी शिक्क्याखाली सही केली. लेकीच्या शब्दावर, न बघता. त्यांचा गुन्हा एवढाच.

चौकशी लागली तेव्हा मी रडत त्यांच्याकडे गेले. म्हणाले, "माझी चार वर्षं राहिलीत, तुझी सत्तावीस. सही माझी आहे. तू गप्प बस." मी गप्प बसले. त्यांचं पेन्शन गेलं, लोक रस्ता बदलायला लागले, तू लिहून दिलंस, आणि मी गप्पच. ते गेले तेव्हाही तू आला नाहीस याचा मी तुझ्यावर राग धरला. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

मेमोचा खुलासा म्हणून हेच सगळं आज साहेबांना लिहून दिलंय, सहीनिशी. त्यांनी दोनदा वाचलं आणि पाणी मागवलं. पुढे काय व्हायचं ते होवो. तेव्हा तू सरकारी मार्गाने मागवलंस तरी आता तेच बाहेर येईल.

तुझ्या कलमाबद्दल एकच सांगते, मग तू आणि तुझे साठ देश बघा. सहीवर तुरुंग लावलात तर कारकून घाबरेल आणि कागदाला आणखी चिकटून बसेल. न बघता शिक्का मारणाऱ्याला काय ती शिक्षा करा, मला करा. पण जो उन्हातून चालत जाऊन बघतो आणि थांबवतो, तो चुकला, पेटीत पंप निघाले, तरी त्याच्या केसाला धक्का लागणार नाही असं लिहा. नाहीतर उद्यापासून या बंदरात कुणी बूट चढवणार नाही. गरुडाकडे बघून सगळे शहाणे झालेत.

सोबत पान जोडलंय. ओल वगैरे काही नव्हती. किल्लीही माझ्याच पर्समध्ये होती. नंबरातला सात बघ. इंग्रजी सातला मध्ये आडवी रेघ मी मारते, बाबा कधीच मारत नसत. तुला गणित शिकवताना त्या रेघेवरून तू माझ्याशी भांडायचास. चौकशीवाल्यांपैकी एकालाही ती दिसली नाही.

आणि एक राहिलं. हे सांगू नकोस असं बाबांनी मला शेवटपर्यंत बजावलं होतं. मी विचारलं होतं, "निदान धाकट्याला तरी खरं सांगू द्या, तो तुम्हाला चोर समजतोय." तर म्हणाले, "समजू दे. राग सोसवतो माणसाला. हे कळलं तर तो ते बूट जन्मभर पायात घेऊन हिंडेल."

चौकशीच्या हुकमात बाजारात गोळे पडल्याची तारीख होती, शिक्क्याची नव्हती. म्हणून तुला कधी कळलं नाही. पानावर ती आहे, डाव्या कोपऱ्यात. तुझ्या मुलाखतीचा दिवस. बाबा तुला नुसतं दारापर्यंत सोडून कामावर येणार होते. तिथल्या पायऱ्यांवर तुझ्या बुटाचा तळ निघाला, आणि त्यांनी स्वतःचे काढून तुला दिले. फाटक्या बुटांवर यार्डाच्या गेटातून आत सोडत नाहीत, आणि त्यांच्याकडे दुसरा जोड नव्हता.

शिक्क्याची वेळही आहे बघ, एक चाळीस. त्या वेळी तू आत उत्तरं देत होतास, मी टेबलाशी बसले होते, आणि बाबा बाहेर पायरीवर तुझा फाटका बूट सुतळीने बांधत होते.

ताई